चार्लीची नोकरी विलीनं काहून नाही धरली?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी हिंगणघाट तालुक्यातला, वय २७. माझे बाबा बियाण्याच्या कंपनीत तीस वर्षं फिरतीवर होते, आधी लुना मग मोटरसायकल, वर्धा-यवतमाळ-चंद्रपूर सगळी कृषी केंद्रं त्यांना तोंडपाठ. मागच्या वर्षी कंपनीनं "आता आराम करा" म्हणून घरी बसवलं. गेल्या महिन्यात नागपूरला एका हौशी ग्रुपनं आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' मराठीत केलं, माझा मित्र त्यात होता म्हणून पास मिळाले आणि मी हौसेनं बाबांना घेऊन गेलो. मला वाटलं त्यांच्याच लाइनचं नाटक आहे, आवडेल. नाटक संपलं, लोक उठले, बाबा तसेच खुर्चीत बसून. येताना जामच्या चौकात चहाला थांबलो तेव्हा एकच बोलले, "त्या चार्लीची नोकरी धरली असती त काय बिघडलं असतं रे त्याचं? काहून नाही धरली?" मग गाडीत बराच वेळ गप्प. आणि हिंगणघाट यायच्या थोडं आधी विचारलं, "तेव्हाचे वीस हजार डॉलर म्हणजे आपले किती होत असतील?" मी हसून विषय बदलला. तेव्हापासून मला झोप लागत नाही. मी त्यांना न्यायला नको होतं का? आणि चार्लीचं काय सांगू?

उत्तर : बेटा, चार्लीचं नंतर सांगते, आधी वीस हजार डॉलरचं बोलू, कारण तुझी झोप त्याच्यानं उडाली आहे आणि बरोबर उडाली आहे.

ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विली लोमन, वय ६३, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहतो, चौतीसेक वर्षं एकाच कंपनीसाठी गाडीनं गावोगाव फिरून माल विकतो. आता त्याच्यानं गाडी चालवणं होत नाही, पगार बंद करून नुसत्या कमिशनवर टाकलंय, घराचे हप्ते, फ्रीजचे हप्ते, विम्याचा हप्ता. बायको लिंडा, मोठा मुलगा बिफ ३४ वर्षांचा आणि अजून कुठं टिकला नाही, धाकटा हॅपी. विलीच्या डोक्यात हळूहळू पक्कं होत जातं की आपण जिवंत असण्यापेक्षा मेलेले जास्त किमतीचे आहोत, कारण विमा वीस हजार डॉलरचा आहे. शेवटी रात्री तो गाडी घेऊन निघतो आणि परत येत नाही.

आता तुझे बाबा तो आकडा विचारतात. कदाचित साधं कुतूहल असेल, आयुष्यभर हिशेब केलेला माणूस आहे, आकडा ऐकला की भाव काढणारच. पण मी तुझ्या जागी असते तर कुतूहल समजून सोडून दिलं नसतं. आपल्या भागात हा हिशेब किती घरांत झाला हे तुला-मला वेगळं सांगायला नको, शेतकऱ्यानं जीव दिल्यावर मिळणाऱ्या शासनाच्या एक लाखाच्या मदतीसाठी "पात्र की अपात्र" ह्या कागदावर बाईला तहसीलच्या किती चकरा माराव्या लागतात ते आपण गावात बघितलंय. आणि मिलरनं ह्या बाबतीत जे केलंय ते मला फार मोठं वाटतं. विलीच्या डोक्यातला मेलेला भाऊ बेन त्याला आधीच बजावतो की विमा कंपनी कदाचित पैसे देणारही नाही. आणि शेवटच्या प्रसंगात, थडग्यापाशी, त्या पैशाचा एक शब्दही निघत नाही. लिंडा एवढंच म्हणते की आज घराचा शेवटचा हप्ता भरला, घर आपलं झालं, पण राहायला कोणी नाही. डेंटिस्टचं बिलसुद्धा फिटलं होतं म्हणते. ते डेंटिस्टचं वाक्य मी जेव्हा जेव्हा ऐकते तेव्हा मला पुढचं काही दिसत नाही.

पण तुझ्यासाठी ह्या नाटकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती विलीची नाही, लिंडाची आहे. आठवतं का, विलीनं जीव द्यायची तयारी करून ठेवलेली एक वस्तू लिंडाला घरात सापडते. ती रोज ती काढून ठेवते आणि संध्याकाळी तो घरी आला की परत जागेवर ठेवते. का? तर त्याचा अपमान कसा करू म्हणून. तिचं त्याच्यावर प्रेम आहे ह्यात शंका नाही, मुलांना ती जे सुनावते, की तो काही फार मोठा माणूस नाही पण तो माणूस आहे आणि अशा माणसाकडे लक्ष दिलंच पाहिजे, ते ऐकताना आख्खं थिएटर ताठ बसतं. तिला सगळं माहीत आहे. मुलांना माहीत होतं. शेजाऱ्याला अंदाज आहे. पण त्या घरात एकही जण विलीसमोर बसून सरळ विचारत नाही की तुझ्या मनात मरायचं येतंय का. तू गाडीत हसून विषय बदललास ना, ते लिंडासारखंच झालं, तुला बोल लावत नाही मी, सगळे असंच करतात, मीही केलंय.

तर आज रात्री जेवणं झाली की ओसरीवर नाहीतर वावरात जाऊन, आई नसेल तेव्हा, सरळ विचार. "बाबा, त्या दिवशी तुम्ही वीस हजाराचं विचारलं, तुमच्या मनात तसं काही येते का?" विचारल्यानं ते विचार डोक्यात घुसत नाहीत, ही भीती सोडून दे, उलट कोणीतरी विचारलं ह्यानंच माणसाचं ओझं हलकं होते. हो म्हणाले तर घाबरू नको, उपदेश करू नको, आमच्यासाठी काय कमी केलं म्हणून रडू नको, ऐक. त्या रात्री एकटं सोडू नको, फवारणीची औषधं घरात असतील तर दुसरीकडे हलव, आणि १४४१६ ला फोन लाव, टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराचे डॉक्टर असतात. नाही म्हणाले तरी पंधरा दिवसांनी परत एकदा विचार.

न्यायला नको होतं का, तर मला नाही तसं वाटत. मिलरनं लिहून ठेवलंय की ह्या नाटकाच्या पहिल्याच प्रयोगाला पडदा पडल्यावर टाळ्याच वाजल्या नाहीत, लोक कोट घालायला उठले आणि परत खाली बसले, बरेच पुरुष तर ओणवे होऊन तोंड झाकून बसले होते. तुझे बाबा बसून राहिले ते त्याच लोकांसारखे. आणि मग ते बोलले, दोन वाक्यं का होईना, बोलले तुझ्याशी. वर्षभर घरी बसलेला माणूस ह्याआधी किती बोलला होता सांग बरं मला.

आता चार्ली. फार नेमका प्रश्न विचारला बाबांनी, मोठमोठे समीक्षक इथंच घुटमळतात.

चार्ली म्हणजे शेजारी. विली त्याला आयुष्यभर हिणवत आलाय, हा काय, ह्याला हातात हातोडी धरता येत नाही, लोकांना आवडतो पण 'फार' आवडत नाही. चार्लीचा मुलगा बर्नार्ड अभ्यासू, त्याला लोमनच्या घरात सगळे हसायचे. आणि आता हाच चार्ली दर आठवड्याला विलीला पन्नास डॉलर देतो, जे विली घरी नेऊन बायकोला माझा पगार म्हणून सांगतो. दुसऱ्या अंकात विली आपल्या मालकाकडे, हॉवर्डकडे जातो, जो त्याच्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झालाय, आणि म्हणतो फिरती नको, इथं ऑफिसात ठेव, ६५ डॉलर दे आठवड्याला. मग ५० म्हणतो. मग ४० वर येतो. (उधारीच्या वसुलीला गेलेला माणूस जसा खाली खाली येतो तसं ते आहे, बाबांना ते किती लागलं असेल मी समजू शकते.) हॉवर्ड त्याला काढूनच टाकतो. तिथून तो चार्लीकडे जातो, चार्ली म्हणतो माझ्याकडे ये, आठवड्याला पन्नास देतो, फिरायचंही नाही. म्हणजे हॉवर्डकडे जे मागितलं तेच, त्याच्यापेक्षा दहा जास्त. आणि विली म्हणतो, नाही, तुझ्याकडे मी काम करू शकत नाही. आणि त्याच मिनिटाला विम्याच्या हप्त्यासाठी ११० डॉलर उसने मागतो!

आता आपल्याकडचं बघ. भावकीतल्या माणसाकडून उसने पैसे आणणारा माणूस त्याच माणसाच्या वावरात मजुरीनं जाईल का? नाही जाणार. दुसऱ्या गावात जाऊन करेल, पुण्याला जाऊन वॉचमन होईल, पण भावाच्या धुऱ्याआत निंदायला बसणार नाही. कारण उसने म्हटलं की परत करीन हे त्यात येते. विलीपण सांगतो चार्लीला, मी सगळं लिहून ठेवतोय, पै न पै फेडीन. कर्जात इज्जत शिल्लक राहते. नोकरी धरली की कबूल करावं लागते की तू बरोबर होता आणि मी चूक. आणि विलीला एकट्यालाच चूक कबूल करायची नाहीये, त्यानं तर पोरांना लहानपणापासून तेच शिकवलं की मार्क नको, मेहनत नको, माणूस लोकांना आवडला पाहिजे बस. चार्लीकडे कामाला जाणं म्हणजे बिफसमोर उभं राहून म्हणणं की तुला मी खोटं शिकवलं. ते त्याच्यानं होत नाही. बर्नार्ड त्याच दिवशी तिथं भेटतो, वॉशिंग्टनला सुप्रीम कोर्टात केस चालवायला निघालाय आणि त्यानं विलीला सांगितलंसुद्धा नाही. विली चक्रावून चार्लीला म्हणतो, सुप्रीम कोर्ट! आणि हा बोलला पण नाही! चार्ली म्हणतो, त्याला बोलायची गरज नाही, तो ते करणार आहे. सांग आता ह्या वाक्यानंतर कोण माणूस खाली मान घालून नोकरी धरेल?

अजून एक गोष्ट आहे जी मला उशिरा कळली. विली नेमकं काय विकतो हे मिलरनं सांगितलेलंच नाही. पहिल्याच प्रसंगात तो दोन मोठ्या पेट्या घेऊन घरात येतो, त्यात काय आहे शेवटपर्यंत कळत नाही. कोणी विचारलं की मिलर म्हणायचा, स्वतःला विकतो तो. खुद्द मिलरचा एक मामा-काका प्रकारातला नातेवाईक, मॅनी न्यूमन नावाचा, असाच फिरता विक्रेता होता, आणि वडिलांचा बायकांच्या कोटांचा चांगला चाललेला धंदा १९२९ च्या मंदीत बुडालेला त्यानं चौदा वर्षांचा असताना पाहिला, त्यामुळे हे त्यानं पुस्तकातून नाही काढलं. तर जो माणूस स्वतःलाच विकत आलाय त्याला काढून टाकलं की त्याचा मालच परत आल्यासारखं होते.

आणि खरं म्हणजे विली चांगला विक्रेता नव्हताच. त्याच्या हातात कला होती. घराचं छत त्यानं बसवलं, ओटा त्यानं बांधला. थडग्यापाशी बिफ म्हणतो की त्या ओट्यात बाबा जेवढे आहेत तेवढे त्यांच्या सगळ्या विक्रीत मिळून नाहीत. आणि शेवटच्या रात्री विली काय करतो? टॉर्च घेऊन अंगणात बी पेरतो. गाजर, बीट. चारही बाजूंनी उंच इमारती झाल्यात, ऊन खाली पोचत नाही, तिथं काही उगवणार नाही हे त्याला माहीत आहे, तरी पाकीट टॉर्चच्या उजेडात वाचून ओळी आखतो. माझं असं काहीच जमिनीत नाही, म्हणतो. बेटा, तुझे बाबा बियाण्याच्या कंपनीत होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वावरात उगवणारं विकलं त्यांनी. ते जर तेव्हा खुर्चीत हलले असतील तर तू बघितलं नसशील, अंधार होता.

म्हणून चार्लीचं उत्तर तू देऊ नको. त्यांनाच विचार, तुमाले कोणी अशी नोकरी देली होती का बाबा, तुमी धरली असती का? मला जवळजवळ खात्री आहे की त्यांच्याकडे ह्याचं उत्तर आहे आणि कोणत्यातरी दुकानाचं नाव त्यात येईल. माझे मोठे दीर चहापत्तीच्या कंपनीत फिरतीवर होते, वणी-पांढरकवडा त्यांची लाइन. घरी बसले तशी त्यांची बॅग खुंटीला लागली ती सहा वर्षं तिथंच, आम्ही सगळे त्या बॅगेखालून जायचो-यायचो, कोणी काढली नाही आणि कोणी विचारलं नाही. हे नाटक पाहून आल्यावर मी दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं, भाऊजी, ह्या बॅगेत काय आहे हो. दोन तास बोलले. बॅगेत पावती पुस्तकं होती आणि कोण्या दुकानदाराच्या मुलीची लग्नपत्रिका.

प्रश्न : ताई, मी वडश्याकडची, लग्नाआधीपासून झाडीपट्टीची नाटकं बघते, मंडईची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री दहाला बसलो की पहाटेच उठतो, कधी झोप नाही आली. पण मुलीकडे नागपूरला गेली तेव्हा हेच अमेरिकन नाटक पाहिलं आणि अर्धा तास मला काही समजूनच नाही राहिलं. मेलेला भाऊ येऊन बोलते, मोठी पोरं एकदम शाळेतली होतात, पडदा पडत नाही, गाणं नाही. माझं चुकलं की त्यांचं?

उत्तर : तुमचं काही नाही चुकलं बाई. फक्त एक किल्ली तुमच्या हातात कोणी दिली नाही. त्या घराला भिंती नसतात, नुसता सांगाडा असतो, बरोबर? आता पुढच्या वेळी पात्रांच्या पायाकडे बघा. आज घडणारं चालू असेल तर सगळे दारातूनच ये-जा करतात, भिंत नसली तरी भिंत पाळतात. आणि जुन्या दिवसांतलं चालू झालं की तेच लोक भिंतीच्या रेषेवरून सरळ पाय टाकून बाहेर येतात. मिलरनं संहितेतच तसं लिहून दिलंय. नाटकाचं आधीचं नावसुद्धा 'त्याच्या डोक्याच्या आत' अशा अर्थाचं होतं. म्हणजे सगळं विलीच्या डोक्यात एकाच वेळी चाललंय, कालचं आणि आजचं. मेलेला भाऊ म्हणजे भूत नाही, आठवण आहे. आपल्या गावात म्हातारी बाई भांडी घासता घासता मेलेल्या नवऱ्याशी बोलते, आपण घाबरतो का? तसंच.

गाण्याचं मात्र तुमचं खरं आहे, झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला गाण्याशिवाय रात्र कोरडी वाटते, पण ह्यात एक बासरी आहे ती पकडा. विलीचा बाप बासऱ्या बनवून विकायचा, गाडीतून गावोगाव. नाटकाच्या पहिल्या क्षणाला तीच वाजते आणि शेवटीही तीच राहते. विलीला आपला बाप धड आठवत नाही, तेवढी बासरी राहिली.

आणि अमेरिकन म्हणून परकं वाटलं असेल तर, १९८३ ला मिलरनं स्वतः बीजिंगला जाऊन हे चिनी नटांकडून करून घेतलं. तिथं तेव्हा फिरता विक्रेता हा प्रकार नाही, विमा लोकांना ओळखीचा नाही. पण बाप आणि मुलगा होते, तेवढ्यावर लोकांना कळलं. तुम्ही महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' पाहिलं असेल तर अजून सोपं जाईल, ते तर आपलंच, यवतमाळच्या पारव्यात जन्मलेल्या माणसानं विदर्भातल्या एका वाड्यावर लिहिलेलं. तिथं अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे, इथं हप्ते फिटेपर्यंत मोडून जाणारा फ्रीज आहे. मला विचाराल तर वाड्यातली माणसं जास्त खरं बोलतात एकमेकांशी, निदान भांडतात तरी. पण दोन्ही नाटकांत घर उभं राहते आणि घरातले लोक निघून जातात. एकामागं एक दोन्ही बघा, मुलीला सोबत घेऊन.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात शिक्षक आहे. गावातल्या पोरांना घेऊन 'डेथ ऑफ अ सेल्समन' बसवायचं मनात आहे, भाषा आपली वऱ्हाडी, विलीला कापसाच्या जिनिंगचा माणूस करायचा. परवानगी लागते का? नावं बदलली तर चालते का?

उत्तर : सर, कल्पना मनापासून आवडली, पण नाव बदलल्यानं नाटक आपलं होत नाही. मिलर २००५ ला गेले, आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६५ संपेपर्यंत. तिकीट न लावता हौशी मंडळानं केलेल्या प्रयोगाला कायद्यात थोडी सूट आहे, पण अनुवाद आणि रूपांतर करायचा हक्क वेगळा, तो वारसांकडून त्यांच्या एजन्सीमार्फत मागावा लागतो, आणि कोणाचा तयार मराठी अनुवाद वापरला तर त्या अनुवादकाचीही संमती लागते. सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची ते वेगळंच. पत्र लिहा, वेळ लागेल, पण चोरून करू नका, पोरं हेच शिकतील.

आणि एक सांगू का, विलीला जिनिंगचा मालकाकडचा माणूस केला तर त्याची फिरती जाईल. फिरती ठेवा. एकट्यानं गाडी चालवत जाणं, रात्री लॉजवर उतरणं, घरी आलं की पोरांनी गाडीभोवती जमणं, हे गेलं तर विली गेला. परवानगी येईपर्यंत पोरांना चार्लीच्या ऑफिसचा प्रसंग वर्गात नुसता वाचायला द्या, दोन खुर्च्या आणि एक टेबल पुरते, पण चार्लीचं काम वर्गातल्या सगळ्यात शांत पोराला द्या. विली त्याला म्हणतो ना, शेवटी माणूस मेलेलाच जास्त किमतीचा ठरतो, तेव्हा चार्ली आवाज न चढवता उत्तर देतो, "विली, मेलेल्या माणसाची काहीच किंमत नसते." ते ओरडणाऱ्या पोराला जमणार नाही.